पालथ्या होड्यांची बातमी

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगरापलीकडची बातमी माणसाच्या पायांनी चालत यायची. एका राज्यात असाच एक बातमीदार होता. मुलूखभर हिंडायचा, परत आला की गावच्या पारावर उभा राहून पाहिलेलं सांगायचा. आवाज खणखणीत, सांगणं रसाळ. लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

त्याच गावात एक विणकरीण राहत होती. तिचा नवरा खलाशी होऊन दूर दर्यावर गेला होता. वाटसरू दिसला की ती माग थांबवून विचारायची, "दर्याकडून आलात का हो?" तो नाही म्हणाला की पुन्हा धोटा हाती घ्यायची.

एकदा बातमीदार पहिल्यांदाच दर्याकाठी पोचला. पाण्यावर एकही शीड नव्हतं. होड्या वाळूवर पालथ्या, डोलकाठ्या उतरवलेल्या, वरून झावळ्या घातलेल्या. तो चरकला. जवळच बायका मासळी वाळवत होत्या. पण त्यांना काही विचारावं असं त्याला वाटलं नाही. तसाच माघारी फिरला.

पारावर त्याने सांगितलं, "दर्या खवळला. होड्या उलटल्या. खलाशी कोणी उरले नाहीत."

गर्दीतल्या विणकरणीने हंबरडा फोडला.

तेवढ्यात गर्दीतून एक सासुरवाशीण पुढे आली. "दादा, माझं माहेर दर्याकाठचं. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे होड्या ओढून पालथ्या घालतात, झावळ्यांनी शाकारतात. मग खलाशी आपापल्या घरी निघतात. ही माणसं परतायची खूण आहे हो. एकदा खात्री करा."

बातमीदाराला ते आतून पटलं. पण आज चुकलो म्हटलं, तर उद्या आपलं कोण ऐकेल? तो म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहून आलोय, ताई. इथे बसून तुम्ही मला सांगता?"

लोकांनी त्याचंच खरं मानलं. विणकरणीचा भाऊ येऊन तिला नदीपार आपल्या गावी घेऊन गेला. पाठोपाठ नदीला पूर आला, नावा बंद झाल्या.

मग एका सकाळी खलाशी घरी आला. दाराला कुलूप. शेजारणीने सगळं सांगितलं, तसा तो नदीकडे धावला.

"अगं, मी आलोय!"

हाक लोंढ्यात विरून गेली. सारा पावसाळा तो रोज घाटावर येऊन हाक मारत राहिला.

बातमीदाराला ते ऐकवेना. पारावर उभा राहून तो म्हणाला, "मी चुकलो. न विचारता बोललो, आणि चूक दाखवली तेव्हा ऐकलं नाही." पण आता ही बातमी नदी ओलांडू शकत नव्हती.

पूर ओसरताच खलाशी आणि बातमीदार दोघे पलीकडे गेले. विणकरणीने नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. हसली, रडली, त्याच्याबरोबर घरी आली. पण तो पावसाळा तिच्या मनातून कधी गेला नाही. नवरा नुसता पाणी आणायला गेला, तरी ती अंगणात येऊन वाटेकडे बघत राही. तो दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर येत नसे.

म्हणून सांगतो मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हालाही: जे ठाऊक नाही ते आधी जाणत्याला विचारावं, आणि कोणी चूक दाखवली तर ती तिथल्या तिथे सुधारावी.