जोगाईच्या तळ्यावरची मुकी घंटा

हौसाबाईंनी तळ्याकाठच्या जोगाईला नवस बोलला होता, "माझी धोंडी गोवरातून उठू दे. तुला पितळी घंटा वाहीन आणि चैत्रभर रोज पहाटे वाजवीन." आज ज्या पाणथळीला इमारतींचा वेढा आहे आणि जिथं तुम्ही दुर्बिणी घेऊन आलात, तिथलीच ही गोष्ट. तेव्हा इथं गाव होतं, असं सांगतात.

धोंडी ही हौसाबाईंची एकुलती जगलेली लेक. ती उठली, घंटा आली. वेशीपर्यंत नाद जाई, बाईंचा ऊर भरून येई. पण घंटा घणाणली की काठच्या चिखलात अंडी उबवणारे शेकाटे, लांब गुलाबी पायांचे पक्षी, भर्रकन उडत आणि कावळे उघडी अंडी पळवत. एक मादी रिकाम्या घरट्याभोवती ओरडत फिरताना दिसली, तेव्हा बाईंचा हात दोरीवरच थांबला.

नवस मोडला तर देवी लेक परत नेईल! बाईंनी देवीपुढं पदर पसरला, मग ओटीतला नवा खण घंटेच्या आतल्या लोलकाला करकचून गुंडाळला.

गुरव कडाडला, "अगं हौसे, आईच्या घंटेची वाचा बांधतेस? पोरीच्या जिवावर उठलीस का?"

"दोरी रोज ओढीन, दादा. पण जिथं लेकरू मागितलं, तिथंच दुसऱ्या आईचं लेकरू लुटू देऊ होय?"

"पाखरांची वकीलच की गं तू!"

"तुम्ही कावळ्यांची वकिली घ्या."

त्याच दुपारी धोंडीला पुन्हा ताप भरला. सासू हात जोडून म्हणाली, "सोड गं तो खण." बाई रडल्या, पण खण सोडला नाही. रोज पहाटे दोरी ओढत, घंटा नुसती डोलायची. आणि म्हणे एका सकाळी धोंडी आपल्या पायांनी देवळात आली, अंगारा लावायच्या आधीच पाण्याकडं बोट करून हसली, "आये, बघ, काड्यांवर चालणारी पिल्लं!" गुरवानं स्वतः खणाची गाठ आवळली.

आजही चैत्र लागला की सासुरवाशिणी इथं घंटेला खण बांधतात, आणि एवढ्या मोठ्या शहरात शेकाटे आमच्याच तळ्यावर पिल्लं काढतात. अभिमान वाटतो हो! तुम्हीही नवस बोला, जरूर बोला. आता दोरी ओढा, हलक्या हातानं, आणि मग पाण्याकडं बघा.