कड्यावर नेलेला स्वस्त चाकू

फार पूर्वी एक गाव होतं आणि त्या गावाच्या डोक्यावर एक कडा होता. कडा इतका उंच, की वरून खाली पाहिलं तर पाय आपोआप मागे सरायचे. त्या कड्याच्या अंगाला आग्यामोहोळं लटकायची, सुपाएवढी मोठी, काळी आणि सतत हलणारी. जवळ गेलं की पोळं दिसण्याआधी आवाज यायचा. तो आवाज ऐकला की गावातली कुत्रीसुद्धा शेपूट घालून परत फिरायची.

गावात एक मध काढणारा होता. वर्षातून एकदा तो कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचा. वर दोर कुणी धरायचा, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. दोर धरायचा बायकोच्या भावानं. भाऊबंद एखाद्या बांधाच्या भांडणापायी दोर सोडेलही, पण मेहुणा सोडणार नाही, कारण खालचा माणूस गेला तर त्याचीच बहीण विधवा होते. गाव साधं होतं, पण माणसं ओळखून होतं.

आणखी एक नियम होता. दोर कड्याखाली सुटला की तोंड उघडायचं नाही. आवाज झाला की माश्या उठतात, असं जुनी माणसं सांगत. म्हणून सगळं बोलणं दोरानं चालायचं. एक हिसका म्हणजे वर ओढ, दोन हिसके म्हणजे खाली सोड. या दोन शब्दांवर कित्येक पिढ्यांनी मध काढला होता.

त्या वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर मध काढणाऱ्याची कोयती झिजून पत्र्यासारखी झाली. तो लोहाराकडे गेला.

लोहार म्हणाला, "नवी करून देतो. पण आठ दिवस लागतील, आणि यंदा दोन पायल्या ज्वारी घेईन. चांगलं लोखंड मिळत नाही रे."

"दोन पायल्या!" असं म्हणून मध काढणारा तणतणत निघाला, तो वाटेत त्याला फेरीवाला भेटला. फेरीवाल्याच्या पेटीत घडीचे चाकू होते. सातासमुद्रापलीकडून आलेले, लालचुटूक मुठीचे. कळ दाबली की पातं टचकन बाहेर यायचं आणि उन्हात असं चमकायचं, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत.

"केवढ्याला?"

"दोन ओंजळी ज्वारी द्या, काका."

मध काढणाऱ्यानं चाकू हातात घेतला. मनगटावरचे केस कापून पाहिले, कापले गेले. आंबा कापून पाहिला, पातं लोण्यातून फिरावं तसं फिरलं. जे सहज कापलं जाणार होतं ते सगळं त्यानं कापून पाहिलं आणि खूश होऊन चाकू घेतला. आपणसुद्धा असंच करतो, त्याला एकट्याला हसण्यात अर्थ नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, दिसायला छान आहे. पण थोडे दिवस मला वापरू द्या. लाल भोपळा चिरते, नारळ सोलते. मग कळेल काय ते."

"तोवर पोळ्यात मध राहील का? आणि हा काय भोपळे चिरायला आणलाय?"

तो मुद्दाम लोहाराला दाखवायलाही गेला. लोहारानं पातं उघडून मिटलं, डोळ्याजवळ नेलं. म्हणाला, "आंबा कापायला झकास आहे. पण ही खीळ बघ, काडीएवढी आहे. सगळा जोर हिच्यावर येणार. माझी कोयती मोडली तर माझ्या दारात येऊन मला शिव्या देशील. हा मोडला तर कुणाच्या दारात जाशील?"

"तुझी ज्वारी बुडाली म्हणून बोलतोस," मध काढणारा म्हणाला. लोहार पुन्हा भाता ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध काढणारा आणि त्याचा मेहुणा कड्यावर चढले. मेहुण्यानं कमरेची, याच लोहारानं घडवलेली कोयती काढून पुढे केली. "दाजी, ही घेऊन जा. तो खेळण्यातला चाकू ठेवा इथंच."

"तुझ्या कोयतीनं कंबर सोलून निघते. हा बघ, बंडीच्या खिशात बसतो," असं म्हणून मध काढणारा खाली उतरला. त्याच्या शेजारून दुसऱ्या दोरानं मोठी टोपली सोडली होती. तो दोर वर झाडाला बांधला होता.

धुराची चूड फिरवून त्यानं माश्या बाजूला सारल्या. पहिलं पोळं नीट निघालं. दुसरंही निघालं. टोपली भरत आली. मध हातावर ओघळत होता, मुठीवर ओघळत होता, त्या काडीएवढ्या खिळीतही उतरत होता. तिसरं पोळं सगळ्यात मोठं होतं. त्याचा अर्धा भाग अवचित तुटून टोपलीच्या कडेवर आदळला. टोपली कलली, गरगर फिरली, आणि तिच्या दोराचा एक वेढा मध काढणाऱ्याच्या गळ्यात पडला.

टोपलीचं सगळं वजन आता त्याच्या गळ्यावर आलं. तो घाबरला, इतका घाबरला की आपलं नावही त्याला आठवलं नसतं. त्यानं पाय झाडले, आणि कमरेच्या दोराला हिसका बसला.

एक हिसका. वर मेहुण्याला वाटलं, दाजी वर ओढ म्हणतात. त्यानं ओढलं. फास आवळला.

मध काढणाऱ्यानं डाव्या हाताची बोटं गळा आणि दोर यांच्यात खुपसली. उजव्या हातातलं पातं दोरावर टेकवलं आणि जीव खाऊन दाबलं. चार धागे तुटले. पातं हललं, डुगडुगलं. त्यानं आणखी जोर केला, तशी खीळ निसटली. लाल मूठ हातात राहिली आणि पातं चमकत खाली गेलं. ते खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतकी दरी खोल होती.

मेहुण्यानं पुन्हा ओढलं.

दोराच्या भाषेत 'चाकू मोडला' याला शब्द नव्हता. ओरडावं तर माश्या उठणार, गप्प राहावं तर मेहुणाच आपल्या हातानं त्याला फाशी देणार. मध काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानं उरलासुरला श्वास गोळा केला आणि ओरडला, "ओढू नको! टोपलीचा दोर तोड!"

आवाज जेमतेम निघाला, पण कड्यावर घुमला. पोळ्यावरचा काळा पडदा एकदम सुटला. माश्या त्याच्यावर आल्या आणि धुराच्या वर, कड्याच्या माथ्यावरही गेल्या.

मेहुण्याच्या तोंडावर, कानांत, पापण्यांवर माश्या बसल्या. त्याला पळायचं होतं. कुणालाही पळायचंच असतं. पण कमरेचा दोर त्यानं आपल्या दंडाला गुंडाळून घेतला, दुसऱ्या हातानं लोहाराची कोयती उचलली आणि डोळे मिटलेले असतानाच झाडाजवळच्या दोरावर घाव घातला. एका घावात दोर तुटला. टोपली मधासकट दरीत गेली, आणि जाताना दोर मध काढणाऱ्याच्या गळ्याची सालटी काढत गेला.

मेहुण्यानं त्याला वर ओढलं. दोघं धडपडत, रडत, अंगावर घोंगडं ओढून गावाकडे पळाले. मेहुण्याला आठ दिवस डोळे उघडता आले नाहीत. बहीण रोज त्याच्या तोंडाला लेप लावायची आणि लावता लावता रडायची. मध काढणारा वाचला, पण त्याचा आवाज बसला तो कायमचा. वर्षाचा सगळा मध गेला.

पुढच्या वर्षी फेरीवाला पुन्हा गावात आला. मध काढणारा त्याच्यासमोर जाऊन बसला. भांडण बघायला लोक जमले होते, पण तो भांडला नाही. घोगऱ्या आवाजात त्यानं एवढंच विचारलं, "तू रानातून एकटा फिरतोस. तुझ्या स्वतःजवळचा चाकू यातलाच आहे का?"

"छे हो, काका! रानात अस्वलं असतात." फेरीवाल्यानं सदरा वर करून कमरेची जाडजूड, काळी सुरी दाखवली. "ही आमच्या गावच्या लोहाराची. बारा वर्षं झाली."

"मग मला तेव्हा सांगितलं का नाहीस?"

फेरीवाला खरोखरच गोंधळला. "तुम्ही किंमत विचारलीत, ती मी सांगितली. हे तुम्ही विचारलंच नाहीत."

तात्पर्य: स्वस्त वस्तू खुशाल घ्यावी, पण जिच्यावर जीव सोपवायचा तिची नुसती किंमत विचारू नये, विकणारा स्वतःच्या जिवासाठी काय वापरतो, तेही विचारावं.