राजाच्या हातची पेज

फार फार पूर्वी, राजे गावातून पायी फिरत असत त्या काळातली ही गोष्ट. एका राजाने नगरात रुग्णशाळा बांधली. तिथे एक वैद्य होता आणि रोग्यांना पेज भरवायला, त्यांची कूस बदलायला दहा पगारी सेवक होते.

कुंभारवाड्यातली एक म्हातारी चाकावरचं काम उरकून रोज तिथे येई. बायकांची वेणीफणी करी, उदास बसलेल्यांशी चार शब्द बोले. तिचं पाहून शेजारपाजारचेही येऊ लागले.

हे प्रधानाच्या नजरेत भरलं. तो राजाला म्हणाला, "महाराज, लोक हौसेने सगळं करतायत. मग सेवक कशाला पोसायचे?" राजालाही ते पटलं. सेवकांना घरी बसवलं. म्हातारीला फार वाईट वाटलं. आपल्या चांगुलपणाने दहा घरांच्या चुली थंडावल्या, हे तिला सहन होईना.

तशात सुगी आली. माणसं शेतावर गेली. रुग्णशाळेत बावीस रोगी आणि भरवणारी एकटी म्हातारी! एकाला भरवावं तर दुसरा कण्हत होता. दाराजवळच्या तापकऱ्या म्हाताऱ्याच्या पोटात दुपार झाली तरी घोट गेला नव्हता. त्याची शुद्ध हरपत चालली होती.

नेमका त्याच वेळी राजा आला. सेवाभावी नागरिकांचा सत्कार करायचा म्हणून सोबत शाली होत्या!

"आजी, बाकीचे कुठे आहेत?"

"कापणीला गेलेत. त्यांनाही पोट आहे, महाराज." म्हातारीने पेजेची वाटी सरळ राजाच्या हातात दिली. "शाली राहू द्या. आधी त्या बाबांना पाजा. डोकं उचलून धरा, नाहीतर ठसका लागेल."

राजाने पाजली. निम्मी अंगरख्यावर सांडली, निम्मी पोटात गेली. हळूहळू म्हाताऱ्याने डोळे उघडले. राजाने सुटकेचा निःश्वास सोडला, तोच पलीकडून हाक आली, मग आणखी एक.

"रोज हे कोण करायचं?" राजाने विचारलं.

"ज्यांना तुम्ही घरी पाठवलंत, ते. आम्ही येऊच, महाराज. पण आमच्या भरवशावर तुम्ही उठून जाऊ नका."

राजा खजील झाला. दिवस मावळायच्या आत दहाही सेवक कामावर परतले. सुगी सरली तसे लोकही आले, आणि रुग्णशाळा पुन्हा हसती झाली.

तात्पर्य : लोकांची सेवा राज्याच्या कर्तव्याला बळ देते, त्यातून राज्याची सुटका करत नाही.