घुबडाचा पहारेकरी

घुबडाच्या कानावर जाईल म्हणून ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. तरी सांगते.

फार पूर्वी जांभळाच्या ढोलीत एक घुबड राहायचं. दिवसभर त्याला झोप लागेना, म्हणून रात्री डोळे जड होऊन उंदीर निसटत आणि ते उपाशी राही. शेवटी आपल्या झोपेवर लक्ष ठेवायला त्याने सुतारपक्षी नेमला. तो दर तासाला ढोलीवर टकटक करून विचारी, "घुबडराव, लागली का झोप?"

"लागतच होती," घुबड म्हणे. "पण तू येत जा. निदान कळतं तरी."

एकदा चोच दुखते म्हणून सुतार आला नाही. त्याची वाट बघता बघता घुबड गाढ झोपलं आणि रात्री पोटभर जेवलं. सकाळी ते सुतारावर खेकसलं, "कामचुकार कुठला. काल मी झोपलो की नाही, हे आता कोण सांगणार?"

तेव्हापासून सुताराची चोच रोजच दुखते, कारण त्याला... आले गं आई.