बिश्केकची कुस्ती, काळ्या पडद्यावर

“...मग येत्या रविवारच्या मैदानात माझी जोड का न्हाई लावली, वस्ताद?”

“गप बस. आधी धैर्यशीलची कुस्ती लाव.”

धैर्यशील म्हणजे हिंदुराव वस्तादांचा थोरला पठ्ठा. त्या दुपारी तो दूर परदेशात, बिश्केकला लढत होता. टीव्हीवर काहीच नव्हतं. तिथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर तेवढं समालोचन होतं.

कॉम्प्युटरचं काम म्हणताच धाकटा पठ्ठा ऋतुराज खुशीत आला. तालमीचा कॉम्प्युटर इतका जुना, की त्यावर साधी वेबसाइट उघडताना घाम फुटायचा. पण या गड्यानं नुसत्या अक्षरांचा काळा पडदा उघडला, एक ओळ टाइप केली, आणि बिश्केकची नऊ केंद्रं खाली रांगेत येऊन उभी राहिली.

“माऊसबी लागत न्हाई, वस्ताद. जगातलं कुठलंबी केंद्र असू द्या, नुसता आकडा दाबायचा.”



त्यानं एक दाबला. गाणं. बंद. दोन दाबला. बातम्या. बंद. कुठल्याच केंद्राला त्यानं धड तीन सेकंद दिले नाहीत. आखाड्यात डाव टाकतानाही त्याचं हेच चालायचं. ढाक धरली, सोडली. पट काढला, सोडला. आणि मग स्वतःच खाली.

सातव्या आकड्यावर गर्दीचा गलका आला. समालोचकाची भाषा कळत नव्हती, पण मधेच “दैर्याशी” ऐकू आलं. नावाची अशी वाट लागलेली ऐकून दोघंही हसले.

मग समालोचक थांबला. गर्दीही थांबली.

...

“गेली लाइन.” ऋतुराजचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“तुटलंय, वस्ताद. दुसरं बघतो.”

“समोरच्याला धरलाय त्यानं.”

वस्तादांचे डोळे मिटलेले होते. पडद्यावर सेकंद पळत होते. वीस... चाळीस... ऋतुराजनं हात ओढून पाहिला. सुटेना. शेवटी त्यानं ओढायचं सोडलं आणि कान पुढे केला.

तिकडे कुणीतरी खोकलं.

साठ... ऋतुराजनं श्वास रोखला. ऐंशी...

आणि एकदम जल्लोष उसळला! समालोचकाचा घसा फाटला: “दैर्याशी! दैर्याशी! इंडिया!”

“मारली! वस्ताद, आपल्या गड्यानं मारली!”

ऋतुराज एका हातानंच नाचला, कारण दुसरा अजून वस्तादांच्या मुठीत होता. म्हातारा हसत होता आणि त्याच्या पांढऱ्या मिशा भिजल्या होत्या. असा आनंद त्या तालमीनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग वस्तादांनी मनगट सोडलं. उठून आखाड्यातली मूठभर लाल माती आणली आणि ऋतुराजच्या पाठीवर चोळली.

“ही कशापायी, वस्ताद?”

“आज थांबलास तू. रविवारी तुझी जोड हाय.”