ठकूकडे धुवायला दिलेला ढोल

राजेसाहेबांची विजार सकाळी भिंतीला टेकून उभी होती. आत कोणी नव्हतं.

राजेसाहेबांनी तिला बोटाने ढकललं. ती खाली पडली आणि खणकन वाजली.

"कारभारी! हे काय?"

"आपली विजार, सरकार. सदरेही तसेच आलेत. कपाटात मावत नाहीत, कारण ते हात खाली करत नाहीत."

"बोलवा त्या परटिणीला!"

ठकू परटीण आली. तिच्या दोन्ही तळहातांना भेगा पडल्या होत्या, म्हणून मुजरा जरा अर्धवट झाला.

"खळ किती घातलीस गं?"

"म्या न्हाई घातली, सरकार. तुमच्या मनोऱ्यानं घातली."

ते खरंच होतं. बोरजाई संस्थानच्या या रणधीरराजांना सिमेंटचं वेड लागलं होतं. घड्याळ अजून मागवलेलं नव्हतं, पण घड्याळाचा मनोरा निम्मा झाला होता. काँक्रीट कालवायला एक भला मोठा लोखंडी ढोल आणला होता. संध्याकाळी काम संपलं की मजूर तो ढोल, घमेली, फावडी सगळं नदीत धूत, आणि ते राखाडी पाणी खाली ठकूच्या धुण्याच्या घाटावर येई. मासे पोट वर करून तरंगत होते. गावच्या हंड्यांना आतून थर चढले होते. राजवाड्यात विहिरीचं पाणी प्यायचे, त्यामुळे तिथे सर्व कुशल होतं.

"ढोल धुतला नाही तर काँक्रीट आतच दगड होतं!" राजेसाहेब म्हणाले. "आणि धुण्याला परटिणीनेच नावं ठेवावीत?"

"धुण्याला न्हाई, सरकार. धुवायच्या जागेला!"

न्याहारीपूर्वी उलट उत्तर ऐकायची राजेसाहेबांना सवय नव्हती.

"असं? मग आजपासून ढोल तुझ्याकडे धुवायला! रोज लख्ख पाहिजे. आणि धुवण नदीत गेलं तर याद राख!"

"मग माळावर ओतीन."

"माळ माझा. माझ्या जमिनीवर एक थेंब सांडायचा नाही!"

"मग शिवंपल्याड?"

"पलीकडच्या राजांशी आमचं आधीच वाकडं आहे. अमावस्येला मी स्वतः येऊन बघेन. चुकलीस, तर घाट सोडून चालती हो. दुसरा परीट आणू!"

कारभारी हळूच म्हणाले, "सरकार, हे अशक्य आहे."

"म्हणून तर सांगितलं."

घाट म्हणजे तिची भाकरी, आणि संसाराला दुसरा आधार नव्हता. पण तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही.

"एक इचारते, सरकार. धुवण कुणाचं?"

"तुझं! हवं तर डोक्यावर घेऊन नाच!"

"अन् रोज ढोलाच्या बुडाला उरतं, ते काँक्रीट?"

"तेही तुझं! जा आता!"

ठकूने झटकन मुजरा केला आणि बाहेर पडली. मोठ्या माणसांना शब्द फिरवायला वेळ देऊ नये, एवढं तिला कळत होतं.

त्या उरलेल्या काँक्रीटचे तिने ढोलाशेजारी दोन हौद बांधून घेतले, एकाला लागून एक, दुसरा जरा खाली. ते घट्ट होईपर्यंत धुवण तिने आपल्या भट्टीच्या रांजणांत भरून ठेवलं. परटाच्या घरी शेवटचं पाणी फेकत नाहीत. आज कपडे खळबळलेलं पाणी उद्याच्या मळक्या कपड्यांचं पहिलं पाणी होतं. ठकूने ढोलालाही तोच नियम लावला. धुवण पहिल्या हौदात पडे, गाळ तळाला बसे, वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या हौदात उतरे आणि त्याच पाण्याने ढोल पुन्हा धुतला जाई.

अमावस्येला राजेसाहेब आले. ढोल लख्ख होता. त्यांनी जोडे काढून जमीन कोरडी आहे का ते पायाने चाचपलं. जमीन कोरडी होती. नदी निवळली होती. चूक सापडत नाही म्हणून त्यांचा चेहरा उतरला. एवढ्यात झाडाखाली रवंथ करत बसलेले रेडे त्यांना दिसले.

"हे पखालीचे रेडे ना? बांधकामाला नदीचं पाणी वाहायचं सोडून बसलेत का?"

"त्यांना आता अर्धंच काम उरलंय, सरकार," कारभारी म्हणाले.

राजेसाहेबांचे डोळे बारीक झाले. ते हौदापाशी वाकले.

"थांब! रोज तू यात धुवण ओततेस. मग हौद भरून वाहायला हवेत. ते अर्धेच कसे? नदीत सोडत नाहीस, जमिनीवर सांडत नाहीस, शिवेबाहेर नेत नाहीस! परटिणी, यात कुठेतरी पाणी मुरतंय!"

"मुरतंय की, सरकार!"

"कबूल करतेस? कुठे मुरतंय?"

"तुमच्या मनोऱ्यात! रोजचं नवं काँक्रीट ह्याच पाण्यात कालवत्यात. म्या नेऊन सोडलं न्हाई. तुमचंच मजूर घमेल्यातनं उचलून वर चढवत्यात!"

राजेसाहेबांनी मनोऱ्याकडे पाहिलं, मग हौदाकडे पाहिलं, मग मिशीवर हात ठेवला. पण हसू मिशीखाली राहीना. ते इतके हसले की रेडे उठून उभे राहिले.

"कारभारी! आजपासून संस्थानात पायाच्या आधी हौद! नदीत घमेलं बुडवेल तो माझा नाही. आणि घाट ठकूला इनाम, पिढ्यान्‌पिढ्या!"

इनाम द्यायचं म्हणजे उदक सोडायला हवं. राजेसाहेबांनी ओंजळ पुढे केली. कारभारी तत्परतेने तांब्या घेऊन हौदाकडे वळले.

"अहो, नदीचं आणा!" राजेसाहेब ओरडले. "आणि भरून आणा. मलाही तहान लागली आहे!"