बिनमानेचा मोर

फार फार वर्षांमागे नदीकाठच्या एका गावात एक कासार राहत होता. गावातल्या सगळ्या लेकीसुनांच्या हातात त्याच्याच बांगड्या असत. बांगडी भरायची म्हणजे बाईला आपला हात परक्याच्या हातात द्यावा लागतो. म्हणून त्या गावात कासाराला सगळ्याजणी दादा म्हणत. ऐंशी वर्षांची म्हातारीसुद्धा दादाच म्हणे, आणि तोही तिला “ये ताई, बस” म्हणे.

कासाराचं वेगळं दुकान नव्हतं. घराची ओसरी हीच बैठक आणि तेच दुकान. आता ओसरी कशी होती म्हणाल, तर होती आपली. भिंतीवर धुराचा थर, खाली उसवलेलं घोंगडं, कोपऱ्यात पोपडे. बायका येत, बसत, हसत, हात पुढे करत. बांगड्या भरताना भिंतीकडे कोण बघतं?

एक दिवस गावात दवंडी पिटली. राणी देवीच्या दर्शनाला निघाली होती, आणि वाटेत आठव्या दिवशी ती या गावात थांबून चुडा भरणार होती.

एवढं ऐकलं आणि कासाराला आपली ओसरी पहिल्यांदाच दिसली. त्याला लाज वाटली. खरं तर लाज वाटावी असं तिथे काही नव्हतं, पण लाज काही विचारून येत नाही.

“अगं, या घोंगड्यावर राणीसाहेब बसणार?” तो बायकोला म्हणाला.

“मग काय छपरावर बसवता?” कासारीण म्हणाली. “सारवू, पोतारू. आपल्याच्यानं होईल तेवढं करू.”

हातात पैसा नव्हता, तेव्हा अंथरूण पाहूनच पाय पसरायचे होते. दोघं कामाला लागली. ओढ्याकाठची पांढरी माती फुकट होती. ती आणून कासाराने भिंती पोतारल्या. कासारणीने जमीन सारवली, लव्हाळ्याची चटई विणली, जुन्या लुगड्याचा धडका भाग कापून दाराला पडदा केला. देवळातल्या पुजाऱ्याने चार दिवसांपुरती समई दिली. ओसरी अशी उजळली की येणारी जाणारी माणसं दारात थबकू लागली.

फक्त समोरची भिंत ऐकेना. तिच्यात जुनी ओल होती. माती वाळली की डाग पुन्हा वर येई. राणी बसल्यावर तिची नजर नेमकी त्याच डागावर जाणार होती.

कासाराला एक युक्ती सुचली. त्याच्या माळ्यावर वाढलेल्या काचांचं एक पोतं पडून होतं. वाढलेल्या म्हणजे तुटलेल्या. पण कासार ‘बांगडी फुटली’ असं कधी म्हणत नाही. गाडीत तुटो, भरताना तुटो, ती वाढली म्हणायचं. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. त्या गावात ‘फुटली’ हा शब्द एकाच जागी ऐकू येई. नदीच्या वळणावर, उंबराखाली. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या तिथे दगडावर फोडत आणि काचा नदीला देत. ही रीत कुणी घातली देव जाणे. मला विचाराल तर मला ती कधीच पटली नाही. पण होती.

तर कासाराने डागावर ओल्या मातीचा लेप दिला आणि त्यात काचेचा एकेक तुकडा दाबून मोर काढायला घेतला. निळ्या काचांचं अंग झालं, लाल-पिवळ्या काचांचा पिसारा झाला, डोकं झालं, तुरा झाला. आणि हिरव्या काचा संपल्या. डोकं वर, अंग खाली, मध्ये मान नाही.

“मोर छान झालाय हो,” कासारीण म्हणाली, “पण कुणी मुंडी छाटल्यासारखा दिसतो.”

राणी दुसऱ्या दिवशी यायची होती. नवी बांगडी मुद्दाम मोडणं म्हणजे कासाराच्या घरात पाप. कासार पोतं झटकून बसला, पण एक हिरवा तुकडा निघेना. तेव्हा त्याच्या मनात जे आलं ते तुमच्यामाझ्याही मनात आलं असतं. फरक एवढाच की तो उठला आणि गेला.

भर दुपारी नदीवर कुणी नव्हतं. पाणी ओसरलं होतं आणि उंबराखालच्या वाळूत काचा उघड्या पडल्या होत्या. हिरव्याच जास्त. त्यांत काही तुकड्यांवर मोहरीच्या फुलाच्या रंगाची बारीक रेघ होती. कासाराने ते बघताक्षणी ओळखले. तशा बांगड्या त्याने आयुष्यात एकदाच आणल्या होत्या, आणि त्या सुताराच्या सुनेच्या लग्नात आपल्या हाताने भरल्या होत्या. मागच्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला.

त्याचा हात थांबला. मग तो स्वतःशीच म्हणाला, “काचेला काय कळतं? आणि नदीला काय कमी आहे?” त्याने तुकडे उपरण्यात बांधले, सात वेळा धुतले आणि घरी आणले. दिवस मावळायच्या आत मोराला मान मिळाली.

“या कुठं होत्या?” कासारणीने विचारलं.

“पोत्याच्या तळाशी,” कासार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राणी आली. ओसरीत बायका दाटीवाटीने बसल्या. सुताराची सून रीतीप्रमाणे आत आली नाही. ती अंगणाच्या कडेला उभी राहून बघत होती.

राणी चटईवर बसली, तिने हात पुढे केला आणि तिची नजर समोर गेली. “कासारदादा, किती सुंदर मोर आहे! आणि ती मान कशी लकाकते. काचा कुठून आणल्या?”

सगळ्या ओसरीने कासाराकडे पाहिलं.

“कुठल्या आणणार, राणीसाहेब?” कासार म्हणाला. “घरातल्याच. वाढलेल्या काचा आहेत.”

हे बोलताना त्याची नजर सहज अंगणात गेली. सुताराची सून मोराच्या मानेकडे बघत होती. मग तिने पदराखाली आपलं रिकामं मनगट झाकून घेतलं.

कासाराच्या हातात राणीचा हात होता. तो कसाबसा बांगड्या भरत राहिला. राणीने खूश होऊन त्याला जरीचं पागोटं दिलं, बायकांनी कौतुक केलं, कासारणीचे डोळे भरून आले. कासाराला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. डागाळलेल्या भिंतीची त्याला जी लाज वाटली होती, ती या लाजेपुढे काहीच नव्हती.

रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी तो सुताराच्या घरी गेला. सून धान्य निवडत होती.

“या दादा, बसा,” ती म्हणाली.

त्याला बसवेना. “तू काल का बोलली नाहीस?”

“राणीसाहेबांपुढं भावाची लाज काढू?”

कासाराने मान खाली घातली. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “एकच गोष्ट लागली, दादा. तुम्ही म्हणालात, वाढलेल्या काचा. माझ्या वाढल्या नव्हत्या. फोडल्या होत्या. मी हात मागं घेत होते, तरी फोडल्या. डोळ्यांपुढं नकोत म्हणून नदीला दिल्या, तर त्या तुमच्या भिंतीवर. आता तुमच्या दारावरून पाण्याला जाताना मी कुठं बघू, तेवढं सांगा.”

कासार घरी आला. ओसरीत चार बायका मोर बघत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत त्याने दाभण घेतलं आणि मोराच्या मानेतला एकेक तुकडा उकरून काढला.

“अहो, हे काय करता?” कासारीण म्हणाली.

“या वाढलेल्या काचा नाहीत,” कासार म्हणाला. “फोडलेल्या आहेत. उंबराखालून मी उचलून आणल्या. तुझ्याशी खोटं बोललो, राणीसाहेबांशीही बोललो.”

एकीचा हात बांगड्यांसाठी पुढे आला होता. तिने तो हळूच मागे घेतला आणि चौघी उठून गेल्या. कासाराने काचा नदीच्या खोल डोहात सोडल्या आणि पागोटं राजवाड्याकडे परत धाडलं, सोबत खरं काय ते कळवून.

पुढे कितीतरी महिने गावातल्या बायका परगावच्या बाजारात बांगड्या भरत होत्या. कासार रोज चटई अंथरून बसे आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवी. कासारीण म्हणाली, “निदान ती भिंत तरी पोतारून टाका.” त्याने पोतारली नाही.

हळूहळू बायका परतल्या. पण कासाराने एक नेम केला, तो मरेपर्यंत मोडला नाही. नवी सून पहिल्यांदा ओसरीत आली की तो तिचा हात हातात घेत नसे. आधी आपण काय केलं ते सगळं तिला सांगे, एकही शब्द न वगळता, आणि दर वेळी त्याचा आवाज अडखळे. मग विचारे, “आता हात देतेस का, ताई?” कुणी देत, कुणी उठून जात. जाणारीला त्याने कधी थांबवलं नाही.

बोध असा: घर गरिबीचं असलं तर त्यात लाज नाही, ते दुसऱ्याच्या दुःखाने सजवलं, तर त्यासारखी लाज नाही.